दोन निखर्वांचा पाव

छंदांचे दोन प्रकार असतात. एक पाहुण्यांना दाखवायचा आणि दुसरा पाहुण्यांना समजावून सांगायचा. गुलाब लावणारे, सतार वाजवणारे, पोस्टाची तिकिटं जमवणारे पहिल्या वर्गात मोडतात. पाहुणा येतो, 'वा!' म्हणतो, चहा पितो आणि जातो. दुसऱ्या वर्गातल्या माणसाकडे आलेला पाहुणा चहा निवेपर्यंत ऐकत बसतो, आणि पुढच्या खेपेला मी घरी नाही याची आधी फोनवरून खात्री करून घेऊन मगच येतो.

मी दुसऱ्या वर्गातला. गेली चाळीसएक वर्षं मी जर्मन 'नोटगेल्ट' जमवतो आहे.

हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला हमखास 'नोट गेली' असं ऐकू येतं. शेजारच्या काकू तर पहिल्यांदा ऐकल्यावर "अगंबाई! कितीची हो?" म्हणून चांगल्याच हळहळल्या होत्या. खरं म्हणजे जर्मन भाषेत 'नोट' म्हणजे नड आणि 'गेल्ट' म्हणजे पैसा. थोडक्यात, नडीचा पैसा. पण काकूंची हळहळ अगदीच वाया गेली असं नाही, ते पुढं कळेलच.

या पैशाची आणि माझी गाठ पुण्याच्या जुन्या बाजारात पडली. बिनदांड्याची कढई आणि एका कानाचा चष्मा यांच्या मधे तिकिटांची एक फाटकी वही पडली होती. तिच्यात पत्त्याच्या पानाएवढा एक रंगीत कागद होता. त्यावर एक बासरीवाला, आणि त्याच्यामागे ही उंदरांची रांग! विक्रेत्यानं "साहेब, फॉरेनची लॉटरी आहे, लागली तर लागली" अशी शिफारस करून तो मला रुपयाला दिला. घरी येऊन भिंगातून पाहिलं, तर ती हामेल्न गावची पन्नास फेनिगची नोट निघाली. म्हणजे अर्ध्या मार्काची. उंदीर घालवणाऱ्या बासरीवाल्याची गोष्ट ज्या गावात घडली म्हणतात, तेच हे हामेल्न. आता, नोटा देश छापतो एवढं मला ठाऊक होतं. गावसुद्धा नोटा छापतं हे नवीनच होतं. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीला घरपट्टीच्या पावत्या वेळेवर छापून घेणं जमत नसे. या हामेल्नवाल्यांनी चित्रं काढून, खाली सह्या ठोकून चक्क पैसे छापले होते!

हे असं का झालं, ते शोधायला लागलो आणि कायमचा अडकलो.

झालं होतं ते असं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्ध सुरू झालं की शहाणी माणसं जे करतात तेच जर्मन माणसानं केलं. त्यानं सोन्याचांदीची नाणी उचलून गादीखाली ठेवली. सरकारनंही नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. पुढं निकेल आणि तांबं यांचीही युद्धाच्या कामाला गरज पडू लागली. सरकारनं लोखंडाची, जस्ताची, ॲल्युमिनियमची नाणी पाडून पाहिली, पण ती पुरेनात. बाजारात मोड मिळेना. वीस मार्कांची नोट खिशात आणि पावाला सुट्टे नाहीत, अशी गत झाली. तेव्हा गावोगावच्या नगरपालिकांनी, जिल्ह्यांनी, कारखान्यांनी, दुकानदारांनी आपापल्या छोट्या नोटा छापायला सुरुवात केली. युद्धकैद्यांच्या छावण्यांनीसुद्धा आतल्या व्यवहारापुरता आपला वेगळा कागदी पैसा काढला. 'ही नोट आणून दिल्यास आमच्या तिजोरीतून इतके पैसे मिळतील, मुदत अमुक तारखेपर्यंत', आणि खाली महापौरांची सही.

यात हसण्यासारखं आपल्याला काही नाही. त्याच युद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून आपल्याकडे १९१७ साली एक रुपयाची आणि १९१८ साली चक्क अडीच रुपयांची नोट निघाली होती. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला निघालेला भोकाचा पैसा तर कित्येक घरांतल्या देवघराच्या खणात अजून सापडतो. आणि दुकानदारानं सुट्ट्यांच्या ऐवजी हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी? माझ्या मते तो शुद्ध नोटगेल्टच. फरक एवढाच, की तो परत घेऊन गेलं तर दुकानदार आपल्याला ओळखत नसे. आता फोननं सुट्ट्यांचा प्रश्न सोडवला, आणि आमच्या नातवंडांचं गोळीचं उत्पन्न बुडालं.

तर नडीपोटी सुरू झालेल्या या पैशाची खरी गंमत युद्ध संपल्यावर सुरू झाली.

युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात संपलं, तरी मोड मिळेनाच. नोटा छापणं चालू होतं. मधल्या काळात एक गोष्ट गावच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आली. छापलेल्या नोटांपैकी बऱ्याच परतच येत नव्हत्या! शोध घेतला तेव्हा कळलं, की काही लोक त्या वहीत चिकटवून ठेवतात. कारभारी मंडळींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परत न आलेली पन्नास फेनिगची नोट म्हणजे, छपाईचा खर्च वजा जाता, गावाला झालेला निव्वळ नफा. कर वाढवायला नको, कर्ज काढायला नको. चित्रं तेवढी सुंदर काढायची, की माणूस ती खर्च करायलाच धजणार नाही.

१९२० ते १९२२ या काळात सगळ्या जर्मनीत याची लाटच आली. नोटा मालिकांनी निघू लागल्या. सहा नोटांत एक गोष्ट, म्हणजे एक नोट घेऊन भागायचं नाही, सहाही हव्यात. बोडनवेर्डर गावानं आपला जगप्रसिद्ध थापाड्या, बॅरन म्युन्शहाउझेन, नोटेवर आणला. एर्फुर्टनं तिथं शिकलेल्या मार्टिन ल्यूथरला आणला. नाउमबुर्गनं आपल्या चेरी-उत्सवाची दंतकथा छापली. हुसाइटांचं सैन्य गावावर चालून आलं, गावानं पांढरे कपडे घालून पोरांना पुढं पाठवलं, आणि सेनापतीनं विरघळून पोरांना चेरी वाटल्या, अशी ती कथा. ज्या गावाला ना थापाड्या ना संत, त्यानं आपली पवनचक्की छापली.

कागद कमी पडला म्हणा किंवा अक्कल जास्त झाली म्हणा, काही जण कागद सोडून पुढं गेले. बीलेफेल्ड हे विणकरांचं गाव. तिथल्या बचत बँकेनं रेशमावर, तागाच्या कापडावर, मखमलीवर नोटा छापल्या आणि काहींच्या कडेला लेस लावली. ओस्टरवीकमध्ये हातमोज्यांचं कातडं कमावत, त्यांनी कातड्याच्या नोटा काढल्या. माइसन म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं माहेरघर. तिथं तपकिरी मातीची नाणी भाजून काढली. माझ्याजवळ त्यातलं एक आहे. त्यावर त्यांच्या कपबशांवर असतो तोच दोन तलवारींचा शिक्का आहे. आमच्या सौ.नं ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "अहो, हे पैसे पडले तर मोडत असतील नाही?" मी म्हटलं, "अगं, मोड नव्हती म्हणूनच तर हे केलं!" चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कोटीला ती हसल्याची ही एकच नोंद आहे.

या साऱ्या उद्योगाचा अर्थ लावून पाहिला, की आम्हा संग्राहकांची जात मोठी गमतीची वाटते. गावानं पन्नास फेनिग द्यायचं वचन दिलं होतं. आम्ही गावाला सांगितलं, "वचन पाळू नका. फक्त चित्र चांगलं काढा." गावानं आनंदानं मान्य केलं. इतका बिनतक्रार सावकार जगाच्या पाठीवर दुसरा नसेल. आमच्या या जमातीचे भीष्माचार्य म्हणजे डॉ. आर्नोल्ड केलर. हजारो गावांच्या, कारखान्यांच्या नोटा त्यांनी जन्मभर जमवल्या, त्यांच्या याद्या केल्या, नुसत्या नोटगेल्टसाठी नियतकालिक चालवलं. त्यांचा संग्रह पुढं जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनं घेतला. म्हणजे शेवटी बँकेनं पैसे देऊन पैसे विकत घेतले, तेही न चालणारे!

हामेल्नच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक मला बरीच वर्षं दुबार नोटा पाठवत. बदल्यात मी त्यांना भोकाचे पैसे पाठवी. त्यांना त्या भोकाचं फार कौतुक. 'असं प्रामाणिक नाणं मी पाहिलं नाही,' असं त्यांनी एकदा लिहिलं होतं, 'आमच्याही पैशाला भोक होतं, पण आम्ही ते दाखवलं नाही.'

ते कसलं भोक, ते आता सांगतो. इथपर्यंत गंमत होती.

जर्मन सरकारनं युद्धाचा खर्च करातून न भागवता मुख्यतः कर्जातून भागवला होता. रोखे विकले, आणि युद्ध जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू म्हणून स्वस्थ बसले. युद्ध हरले. आता उलट शत्रूचीच भरपाई द्यायची आली. १९२३ च्या जानेवारीत फ्रेंच आणि बेल्जियन फौजांनी रूरचा कोळसा-पोलादाचा मुलूख ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला. त्यांचे पगार सरकारनं द्यायचे ठरवलं, आणि ते दिले कसे? नोटा छापून. चित्रांच्या नोटगेल्टवर १९२२ च्या जुलैत कायद्यानं बंदी आली होती. ती आता कुणाच्या लक्षात राहणार? सरकारी बँकेला स्वतःच्याच नोटा पुरवता येईनात. सुमारे १३० खासगी छापखाने, पावणेदोन हजारांच्या आसपास यंत्रं आणि तीसहून जास्त कागद गिरण्या रात्रंदिवस बँकेसाठी राबत होत्या, तरी पगाराच्या दिवशी नोटा कमीच. मग पुन्हा गावं छापू लागली, कारखाने छापू लागले, रेल्वे छापू लागली. घाई इतकी, की एका बाजूला छापायचं आणि दुसरी बाजू कोरीच सोडायची. हजार मार्कांच्या नोटेवर लाल शाईत 'एक अब्ज' असा शिक्का मारून तीच पुन्हा चालवली. थुरिंगियाच्या सरकारी बँकेनं वायमारच्या बाउहाउस कलाशाळेतल्या हेर्बेर्ट बायर या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याकडून दशलक्ष मार्कांच्या नोटेचा नमुना करून घेतला. आज तो आधुनिक कलेचा नमुना म्हणून संग्रहालयांत असतो. त्या वेळी, ऑगस्टमध्ये, दशलक्षात डॉलरचा एक तुकडा जेमतेम येत असे.

युद्धापूर्वी एका डॉलरला सव्वाचार मार्कांच्या आतबाहेर पडत. नेमकं सांगायचं तर ४.२०. १९२३ च्या जानेवारीत सुमारे १८ हजार. आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजी? इथं इंग्रजी आकडे थकतात, पण आपण मराठी माणसं थकत नाही. लहानपणी परवचा म्हणताना एकं, दहं, शतं करत आपण कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध असे चढत जात असू. वडील समोर बसलेले, त्यामुळे मधेच उतरायची सोय नव्हती. हे आकडे कधी कुणाच्या कामी येत असतील, असं तेव्हा वाटलं नव्हतं. ते जर्मनीच्या कामी आले! त्या दिवशी डॉलरचा भाव ४.२ महापद्म मार्क होता. बर्लिनमध्ये पावाची लादी सुमारे दोन निखर्वांना मिळत होती. आणि सरकारी बँकेची सगळ्यात मोठी नोट, जिच्यावर १९२४ ची तारीख आहे, ती होती बरोबर एक जलधी मार्कांची. एकावर चौदा शून्यं. ती माझ्याकडे नाही. ती घ्यायची म्हणजे राहतं घर विकावं लागेल. गंमत पाहा, तेव्हा ती विकून घर आलं नसतं.

माझ्याकडे या काळातल्या शंभरावर नोटा आहेत. एकूण बेरीज कित्येक निखर्वांच्या घरात जाते. ही बातमी आमच्या मेहुण्यांना लागली. ते बँकेत होते. अल्बम पाहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "भावोजी, आज याचे किती येतील?" मी सांगितलं, "यातल्या बऱ्याचशा नोटांचे, एकेकीचा म्हणाल तर, दोन चांगल्या मसाला डोशांइतके." त्यांनी अल्बम मिटला आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त क्रिकेटवर बोलतात. तसं पाहिलं तर अल्बम बघणारा जो तो हेच विचारतो. आज किती येतील?

अपवाद एकच, आमचे सासरे. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. महिन्याच्या पहिल्या तारखेला इस्त्रीचं धोतर नेसून पेन्शन आणायला जात, देवदर्शनाला निघावं तसे. पन्नास अब्ज मार्कांची नोट त्यांनी डोळ्यांजवळ धरली, मागची कोरी बाजू पाहिली, आणि मग हळूच विचारलं, "जावईबापू, मग या लोकांच्या पेन्शनींचं काय झालं हो?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणीही विचारलेला नाही. आणि त्याचं उत्तर मला त्यांना द्यावंसं वाटेना.

समजा, त्यांच्यासारख्याच एका जर्मन कारकुनानं युद्धापूर्वी पोटाला चिमटा घेऊन दहा हजार मार्क साठवले. त्या वेळचे जवळजवळ चोवीसशे डॉलर. म्हातारपणाची चांगली सोय. १९२३ च्या नोव्हेंबरात पुस्तकात आकडा तोच होता, दहा हजार. एक फेनिगही कुणी चोरला नव्हता. फक्त त्या दहा हजारांत आता पावाच्या लादीचा दोन कोटीवा भाग येत होता. तेवढा तुकडा सुरीनं कापता येत नाही. टेबल झटकलं तरी तेवढा चुरा सापडत नाही. ज्यानं कर्ज काढून घर बांधलं होतं, त्याचं कर्ज एका अंड्याच्या किमतीत फिटलं. ज्यानं त्याला विश्वासानं पैसे दिले, तो रस्त्यावर आला. देशप्रेमानं युद्धाचे रोखे घेणारे तर सगळ्यांत जास्त बुडाले. म्हणजे लहानपणापासून आपल्याला जे जे शिकवलं, काटकसर करावी, कर्ज काढू नये, चार पैसे बाजूला टाकावेत, ते सगळं ज्यानं इमानेइतबारे पाळलं, नेमका तोच फसला. मी सासऱ्यांना एवढंच म्हटलं, "थोडं नुकसान झालं त्यांचं." ते काही बोलले नाहीत. पस्तीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस. 'थोडं' म्हणजे किती, हे त्यांना कळलं असणार.

पुढं तोड निघाली. १९२३ च्या १५ नोव्हेंबरला 'रेंटेनमार्क' नावाचं नवं चलन आलं. त्याच्यामागे सोनं नव्हतं, देशातल्या जमिनी आणि उद्योग तारण म्हणून लावलेले होते. एका नव्या मार्काला एक महापद्म जुने मार्क. बारा शून्यं पुसली आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. छपाईचा हा सारा कारभार ज्यांच्या हाताखाली चालला, ते सरकारी बँकेचे अध्यक्ष हावेनस्टाइन हे डॉलर ४.२ महापद्मांवर स्थिरावला त्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, वारले. १९२५ साली कायदा होऊन गहाणखतावर पैसे दिलेल्यांना मूळ किमतीच्या २५ टक्के धरून देण्याचं ठरलं. रुपयाला चार आणे. बाकीचे बारा आणे गेले ते गेलेच.

आणि ते बारा आणे लोक विसरले नाहीत. माझ्या अल्बमचं शेवटचं पान मी पाहुण्यांना सहसा दाखवत नाही. काही गावांनी आपल्या सुंदर रंगीत मालिकांत ज्यू शेजाऱ्यांच्या द्वेषाची चित्रंही छापली होती. बासरीवाल्याच्या हौसेनं, तितक्याच निगुतीनं. आणि पुढं रद्दी झालेल्या नोटांच्या कोऱ्या जागा पाहून ज्यूद्वेष्ट्या राजकीय पक्षांनी त्यांवर आपल्या जाहिराती छापून वाटल्या. तुमची पुंजी कुणी खाल्ली त्याचं खोटं उत्तर, खुद्द बुडालेल्या पुंजीवरच छापलेलं! म्युनिकमध्ये हिटलरचा पहिला, फसलेला उठाव झाला तो याच १९२३ च्या नोव्हेंबरात. तो सत्तेवर आला त्यानंतर सुमारे नऊ वर्षांनी, आणि त्याला कारणंही आणखी बरीच होती. पण पैशावरचा विश्वास गेलेला माणूस माणसांवरचाही विश्वास लवकर गमावतो, हे त्या पानावर मला दर वेळी दिसतं. म्हणून ते पान मी काढून टाकलेलं नाही.

मला कुणी विचारतं, चाळीस वर्षं हे जमवून मिळवलंत काय? एक मिळवलं. खिशातली नोट मी आता वाचतो. धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन, खाली गव्हर्नरसाहेबांची सही. लहानशा हामेल्नच्या नोटेवरही असंच वचन होतं, सही होती. दोन्हीकडे कागद कागदच. त्यात जीव असतो तो वचन देणाऱ्याच्या शुद्धीचा आणि घेणाऱ्याच्या भरवशाचा. तो आहे तोवर दोनशेच्या नोटेला भाजी येते. आणि तो गेला, की काकू म्हणतात तसं, नोट गेली!

बाकी छंद व्यवस्थित चालू आहे. सासरे आता नाहीत. त्यांची पेन्शन मात्र अखेरपर्यंत वेळेवर आली, हे इथं नमूद केलं पाहिजे. अल्बम मी लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवतो. त्याच खणात आमच्या मुदत ठेवींच्या पावत्या असतात. परवा पावत्या काढायला गेलो, तर अल्बम आणि पावत्यांच्या मधे व्यंकटेश स्तोत्राची पोथी ठेवलेली. मी सौ.ला विचारलं, "ही इथं कशाला?"

"असू दे," ती म्हणाली, "तुमच्या त्या नोटांचा वारा लागायला नको माझ्या पावत्यांना."

मी पोथी होती तिथंच ठेवली आणि कपाट नीट बंद केलं.